कोरड्यावर बुडणारी जहाजं : टेकू नेमका कुठे द्यायचा?

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन घरी विसरून चढलेत, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना होणारी पुनरुक्ती काढली आहे, बाकी गोष्ट तशीच ठेवली आहे.

आजचा प्रश्न जरा विचित्र वाटेल. जहाज पाण्यात बुडतं हे आपल्याला माहितीय. पण जमिनीवर उभं केलेलं जहाज बुडू शकतं का?

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ बंदरात एचएमएस व्हिक्टरी नावाचं एक लाकडी लढाऊ जहाज आहे. १७६५ मध्ये पाण्यात उतरवलेलं. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन याच जहाजावर होता आणि तिथेच त्याला गोळी लागली. तोफांचा मारा खाऊनही हे जहाज बुडलं नाही. १९२२ मध्ये त्याला सुक्या गोदीत आणून ठेवलं आणि तेव्हापासून ते तिथेच आहे. वादळ नाही, शत्रू नाही, लाटा नाहीत. आणि गेल्या दशकात लेझरने सगळ्या जहाजाचं मोजमाप केलं तेव्हा काय दिसलं? त्याचं धड दरवर्षी सुमारे अर्धा सेंटीमीटर सरकतंय, खचतंय. चाळीस वर्षांचा हिशेब केला तर जवळपास २० सेंटीमीटर. म्हणजे समुद्राने जे केलं नाही, ते कोरड्या जमिनीने करायला घेतलं होतं.

का? टेकू चुकीच्या पद्धतीने दिले होते म्हणून. आजचा सगळा भाग या टेकूंचा आहे. इतिहासाच्या पुस्तकात जहाजं असतात, कप्तान असतात, लढाया असतात. जहाजाखालचे लाकडी ठोकळे नसतात. पण ते ठोकळे कुणी नीट लावले नसते तर यातली बरीच जहाजं दुसऱ्या सफरीलाच गेली नसती.

पाणी काय करतं?

आधी थोडं विज्ञान. घाबरू नका, दोन मिनिटांचं आहे.

पाण्याच्या पृष्ठभागापासून एक मीटर खाली गेलात, की पाणी प्रत्येक चौरस मीटरला साधारण एक टन इतक्या जोराने ढकलतं. एक टन ऐकायला मोठं वाटतं, पण ते पूर्ण चौरस मीटरवर सारखं पसरलेलं असतं. जहाजाचं पोट कितीही वाकडंतिकडं असो, पाणी प्रत्येक फळीला जाऊन चिकटतं आणि प्रत्येक फळी आपापल्या वाट्याचा थोडा भार घेते.

आता तेच जहाज जमिनीवर आणा. खाली समजा वीस ठोकळे ठेवलेत. जो भार शेकडो चौरस मीटरवर पसरला होता, तो आता या वीस जागांवर येतो. ठोकळ्याच्या वरची फळी चेंगरते. दोन ठोकळ्यांच्या मधला भाग खाली लोंबतो. बाजेवर झोपणं आणि डोकं एका स्टुलावर, टाचा दुसऱ्या स्टुलावर ठेवून आडवं पडणं, यात जो फरक आहे तोच हा. माणूस तोच, वजन तेच. स्टुलांवर तुम्ही किती मिनिटं टिकाल सांगा!

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. पाण्यातही जहाजाला सगळीकडे सारखा आधार नसतो. पुढचं आणि मागचं टोक निमुळतं असतं, तिथे पाण्याची उचल कमी मिळते. त्यामुळे वर्षानुवर्षं वापरलेल्या लाकडी जहाजाची दोन्ही टोकं हळूहळू खाली झुकतात आणि कणा मध्ये वर येतो. कणा म्हणजे तळाच्या मधोमध, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारं मुख्य लाकूड. जुनं जहाज गोदीत घेताना ठोकळे एका सरळ रेषेत लावले, तर ते जहाजाच्या आजच्या आकाराला बसत नाहीत. ठोकळे सरळ आणि कणा वाकलेला, मग सगळा भार दोन-चार ठोकळ्यांवर. म्हणून जाणकार गोदीवाले आधी जहाज मोजायचे आणि मग ठोकळ्यांची उंची ठरवायचे.

जहाज गेलं, जागा राहिली

जहाज कोरडं करण्याची गरज फार जुनी आहे. लाकूड सतत पाण्यात राहिलं की फुगतं, जड होतं, आणि समुद्रातले लाकूड पोखरणारे जीव त्याला आतून चाळणी करतात. त्यामुळे प्राचीन अथेन्सने आपल्या वल्ह्यांच्या लढाऊ नौकांसाठी पिरिअस बंदरात छपरं असलेल्या उतरत्या जागा बांधल्या होत्या. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या तिथल्या आरमारी नोंदींमध्ये अशा ३७२ जागांचा हिशेब आहे. नौका मागच्या बाजूने वर ओढून घ्यायची, छपराखाली ठेवायची, वाळवायची.

गंमत बघा. ज्या नौकांसाठी हे सगळं केलं, त्यांतली एकही आज आपल्याला सापडलेली नाही. पण त्या जागा सापडल्या. त्यांची लांबी-रुंदी मोजून अभ्यासकांनी अंदाज बांधला की नौका सुमारे ३७ मीटरपेक्षा लांब असणं शक्य नाही. १९८७ मध्ये ‘ऑलिंपियास’ नावाची तशीच नौका पुन्हा बांधली गेली, तेव्हा हे मोजमाप कामी आलं. मूळ नौकांचा पत्ता नाही, पण त्यांना ठेवायच्या जागेने त्यांचं माप जपून ठेवलं.

सम्राटाची नौका हवेत

आता चीनला जाऊ. सोंग राजवटीत शेन क्वो नावाचा एक विद्वान अधिकारी होता. त्याच्या टिपणांच्या ग्रंथात एक छोटीशी नोंद आहे, आणि मला ती फार आवडते.

राजवटीच्या सुरुवातीला सम्राटाला एक ‘ड्रॅगन नौका’ भेट मिळाली होती. लांबी ६० मीटरहून जास्त, वर महालासारखे मजले. बरीच वर्षं गेल्यावर तिचं पोट कुजलं. दुरुस्ती तर करायची, पण पाण्यात राहून तळाचं काम करणार कसं? आणि एवढं धूड ओढून वर काढायला गेलं तर कुजलेलं पोट फाटणार.

१०६८ ते १०७७ च्या दरम्यान कधीतरी ह्वांग ह्वाइशिन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने उपाय सुचवला. राजधानी काइफंगमधल्या तलावाच्या उत्तर टोकाला नौका मावेल एवढा खड्डा खणायचा. खड्ड्याच्या तळाशी खांब रोवायचे आणि त्यांच्यावर जाडजूड तुळया आडव्या टाकायच्या. मग तलावाचं पाणी खड्ड्यात सोडायचं आणि नौका तरंगत तरंगत बरोबर तुळयांच्या वर आणायची. आता रहाटांनी पाणी बाहेर काढायचं. पाणी उतरत जातं, तशी नौका हळूहळू तुळयांवर बसते. दुरुस्ती झाली की पुन्हा पाणी आत, नौका पुन्हा तरंगती.

यात हुशारी कुठे आहे? नौका उचलायची नाही, ओढायची नाही. आधार आधी तयार करायचा, मोजून, कोरड्यात. आणि नौकेला तिथे बसवायचं काम पाण्यालाच सांगायचं. आजही जगातल्या प्रत्येक सुक्या गोदीत हेच केलं जातं. इंग्लंडची पहिली सुकी गोदी पोर्ट्समथला सातव्या हेन्री राजाने बांधली ती १४९५ मध्ये, म्हणजे काइफंगनंतर चारशेहून जास्त वर्षांनी.

आपल्याकडे : ओंडके, भरती आणि मुंबईची गोदी

आपल्या किनाऱ्यावर हे ज्ञान पुस्तकात नव्हतं, हातात होतं. आजही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी कोकणातल्या बंदरांवर चक्कर मारा. भरतीच्या पाण्यावर होडी जितकी वर येईल तितकी घ्यायची, मग खाली ओंडके टाकून सगळ्यांनी मिळून ओढायची. वर आली की बाजूंना लाकडी टेकू द्यायचे, म्हणजे ती कुशीवर कलंडणार नाही, आणि वरून शाकारून ठेवायची. टेकू कुठे द्यायचा? आत जिथे फासळी आहे तिथे. दोन फासळ्यांच्या मधल्या नुसत्या फळीवर टेकू दिला, तर दोन महिन्यांत तिथली फळी आत दबते आणि सांधा उघडतो. मग नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात घातली की पहिलं काम पाणी उपसायचं.

मराठा आरमारानेही भरती-ओहोटी कामाला लावली. विजयदुर्गजवळ गिर्ये गावाच्या बाजूला, वाघोटन खाडीत, खडकात खोदलेल्या गोदीचे अवशेष आहेत. तत्त्व साधं आहे : भरतीला जहाज आत घ्या, ओहोटीला पाणी आपोआप उतरेल. पंप समुद्राचाच.

मुंबईत मात्र हे काम मोठ्या प्रमाणावर उभं राहिलं. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीकार १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबईला आले. अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे दगडी सुकी गोदी तयार झाली, आणि नंतर वाडियांच्या पिढ्यांनी इथे सागवानाची जहाजं बांधली.

अशा गोदीत जहाज कसं घेतात ते जरा नीट सांगतो, कारण सगळा खेळ त्या काही तासांचा आहे. आधी गोदी रिकामी करून तळाच्या मधोमध लाकडी ठोकळ्यांची रांग लावतात. त्यावर कणा बसणार. मग पाणी आत सोडून दरवाजा उघडतात, जहाज आत घेतात, दोऱ्यांनी बरोबर मध्ये धरतात, दरवाजा बंद आणि पाणी उपसायला सुरुवात. पाणी उतरत जातं आणि एका क्षणी कणा ठोकळ्याला टेकतो. हा सगळ्यात धोक्याचा क्षण. आता जहाज धड तरंगतही नाही आणि धड उभंही नाही. थोडं जरी कललं तरी गेलं! म्हणून त्याच वेळी दोन्ही बाजूंनी लांब लाकडी धिरे लावायचे. त्यांचं एक टोक जहाजाच्या अंगाला, दुसरं गोदीच्या भिंतीला, आणि मध्ये पाचरी ठोकून घट्ट करायचे. जुन्या गोद्यांच्या भिंती पायऱ्यापायऱ्यांच्या का असतात, असा प्रश्न कधी पडला असेल तर उत्तर हे आहे. उतरायला सोय होतेच, पण वेगवेगळ्या उंचीवर धिरे टेकवायला त्या पायऱ्या लागतात.

मे १८१६ मध्ये मुंबईत ब्रिटिश आरमारासाठी एका जहाजाचं काम सुरू झालं. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला. मलबारचं सागवान वापरलं, कारण नेपोलियनबरोबरच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकची चणचण होती. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते जहाज पाण्यात उतरलं. नाव : एचएमएस ट्रिंकोमाली. हे नाव लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

आधार भक्कम, पण जहाज हलेना

आतापर्यंत आपण जहाज कोरड्यावर आणायचं बोललो. उलट बाजूही आहे : कोरड्यावर बांधलेलं जहाज पाण्यात न्यायचं. तेव्हा टेकूला दोन कामं करावी लागतात, धरायचं आणि सोडायचं. ही दोन्ही कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

इझमबार्ड किंगडम ब्रुनेल हा व्हिक्टोरियन इंग्लंडचा सगळ्यात नावाजलेला इंजिनिअर. त्याने लंडनमध्ये थेम्सच्या काठी ‘ग्रेट ईस्टर्न’ नावाचं लोखंडी जहाज बांधलं. लांबी २११ मीटर. तेव्हा जगात एवढं मोठं जहाजच नव्हतं. नदी अरुंद, म्हणून जहाज काठाला समांतर बांधलं आणि आडवंच सरकवत पाण्यात न्यायचं ठरलं.

एवढ्या लांब जहाजाखाली ब्रुनेलने दोनच पाळणे दिले. पाळणा म्हणजे जहाजासकट सरकणारी आधाराची चौकट. प्रत्येकाची रुंदी सुमारे ३६ मीटर. दोन्हींची बेरीज ७२, म्हणजे १३० मीटरहून जास्त जहाज अधांतरी! लाकडी जहाज असतं तर मोडलं असतं. पण ग्रेट ईस्टर्नला दुहेरी तळ होता, आत मजबूत आडभिंती होत्या आणि पूर्ण धड एखाद्या पुलाच्या गर्डरसारखं ताठ होतं. म्हणजे टेकू किती लागतील हे जहाजाच्या आतल्या सांगाड्यावर ठरतं. ब्रुनेलचा तो हिशेब चुकला नाही. जहाज कुठेही वाकलं नाही.

अडलं ते सरकण्यात. लोखंडी पाळणा लोखंडी रुळांवर, सुमारे १२ हजार टन वजन, उतार १२ ला १. ३ नोव्हेंबर १८५७ ला हजारो लोक बघायला जमले. जहाज काही फूट हललं आणि थांबलं. त्या हिसक्यात साखळी धरून ठेवणारा रहाट उलटा गरागरा फिरला, त्याच्या दांड्यांचे तडाखे कामगारांना बसले आणि त्यात एकाचा जीव गेला. नंतर जवळजवळ तीन महिने हायड्रॉलिक जॅक लावून, साखळ्या तुटत, जहाज इंच इंच ढकलावं लागलं. ३१ जानेवारी १८५८ ला ते एकदाचं तरंगलं. ब्रुनेल पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये गेला.

या जहाजाचा आपल्याशीही संबंध आहे. १८७० मध्ये मुंबई ते एडन ही समुद्राखालची तार टाकायला हेच ग्रेट ईस्टर्न मुंबईला आलं होतं.

व्हिक्टरीचे २२ पाळणे

आता परत पोर्ट्समथला. १९२२ मध्ये व्हिक्टरी इतकी जर्जर झाली होती की तरंगत ठेवणं धोक्याचं होतं. तिला दोन नंबरच्या सुक्या गोदीत आणलं. खाली पोलादी पाळणे दिले, एकूण २२, साधारण सहा-सहा मीटरवर एक. तेव्हाच्या मानाने हे चांगलं काम होतं, आणि तो उपाय शंभर वर्षं पुरेल असं बहुतेक कुणी धरलंही नसेल. १९४१ मध्ये जर्मन बॉम्ब गोदीत पडला, धडाला भगदाड पडलं, एक पाळणा उडाला. तरी जहाज उभं राहिलं.

पण पाळणा एक काम करत नाही, जे पाणी करतं. पाणी जहाजाबरोबर बदलतं. जहाज एका बाजूला जड झालं तर ते थोडं खाली जातं आणि तिथे पाण्याची उचल आपोआप वाढते. पोलादी पाळणा जागचा हलत नाही. जहाजाचं लाकूड मात्र हलतं. सुकतं, आकसतं, कुजतं, दबतं. एका पाळण्यावरचं लाकूड दबलं की त्याचा भार शेजारच्या पाळण्यावर जातो. मग तिथलं लाकूड दबतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण हे सगळं वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात चाललेलं असतं. आणि पाळण्यांच्या मधलं सहा मीटरचं पोट रोज थोडं थोडं लोंबत राहतं.

भार कमी करायला आधीच बरंच काही केलं होतं. जहाजावरच्या बहुतेक तोफा आज फायबरग्लासच्या आहेत, खऱ्या नाहीत. २०११ मध्ये डोलकाठ्यांचे वरचे भाग उतरवले. पण मूळ दुखणं खाली होतं.

मग लेझर स्कॅनने सगळ्या जहाजाचं कॉम्प्युटर मॉडेल बनवलं आणि एक प्रश्न विचारला : हे जहाज आज पाण्यात असतं तर कुठल्या जागेला किती उचल मिळाली असती? त्या उत्तरावरून नवीन आधार ठरले. २२ पाळण्यांच्या जागी १३४ पोलादी टेकू. प्रत्येक टेकू स्क्रूच्या जॅकसारखा कमी-जास्त करता येतो आणि प्रत्येकात भार मोजणारा सेन्सर आहे. कुठे भार वाढला, कुठे कमी झाला, ते लगेच कळतं आणि तेवढा टेकू जरा सैल किंवा घट्ट करता येतो. म्हणजे जहाजाबरोबर बदलणं, जे पाणी फुकटात करत होतं, ते आता माणसांनी सेन्सर लावून करायचं. २०२० पासून प्रेक्षकांनाही गोदीच्या तळाशी उतरून हे जहाज खालून बघता येतं. तिथले फोटो जरूर शोधा. जहाजापेक्षा ते टेकू जास्त बघण्यासारखे आहेत, हे मी जबाबदारीने सांगतोय!

हवेच्या पिशव्या आणि एक मिलिमीटर

अजून दोन जहाजं, पटकन.

‘मेरी रोज’ हे आठव्या हेन्रीचं जहाज. १५४५ मध्ये बुडालं, ११ ऑक्टोबर १९८२ ला वर काढलं. साडेचार शतकं चिखलात भिजलेलं लाकूड, तेही अर्धंच जहाज. सरळ वर खेचलं असतं तर हातात तुकडे आले असते. म्हणून पाण्याखालीच त्याला उचलणाऱ्या चौकटीला टांगलं, आणि मग पाण्याखालीच त्याच्या आकाराच्या पाळण्यात ठेवलं. पाळण्यात हवेच्या पिशव्या होत्या, म्हणजे पोलाद थेट लाकडाला टोचणार नाही. एवढं करूनही वर काढताना एक खीळ सटकली आणि चौकटीचा एक कोपरा धाडकन खाली आला. सगळं टीव्हीवर लाइव्ह चालू होतं. पण जहाज वाचलं.

स्वीडनचं ‘वासा’ १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये वर आलं. ते स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे, जवळजवळ पूर्ण. त्याचा पाळणा साठच्या दशकातला, कण्याखाली ठोकळे आणि बाजूंना पोलादी टेकू अशा पद्धतीचा. तिथेही मोजमाप सांगतं की जहाज वर्षाला सुमारे एक मिलिमीटरने खचतंय आणि डावीकडे कलतंय. त्यामुळे त्याला नवीन आधार द्यायचं मोठं काम हाती घेतलंय, आणि यावेळी आतूनही पोलादी सांगाडा देणार आहेत. कारण लाकडात आता स्वतःचा भार पेलण्याइतकी ताकद राहिलेली नाही, बाहेरून कितीही टेकू दिले तरी.

तुमच्या ट्रेलरवरची बोट

आता म्हणाल, हे सगळं राजा-महाराजांच्या जहाजांचं झालं, आमचा काय संबंध?

विसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. मागे लावायचं सुटं इंजिन आलं, म्हणजे आउटबोर्ड मोटर. आणि दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासच्या हलक्या बोटी आल्या. बोट आता गाडीच्या मागे ट्रेलरवर ठेवून नेता येऊ लागली. म्हणजे एरवी गोदीत कधीतरी होणारं काम प्रत्येक बोटवाल्याच्या अंगणात आलं. आणि त्याचबरोबर बरीचशी बोटींची आयुष्यं पाण्यापेक्षा ट्रेलरवर जास्त जाऊ लागली.

ट्रेलरवर बोट ज्यावर टेकते त्या लांब लाकडी पट्ट्यांना बंक म्हणतात. वर सहसा कार्पेट लावलेलं असतं. त्याऐवजी रबरी रोलरही मिळतात. इथे ब्रुनेलची अडचण पुन्हा दिसते. रोलरवर बोट सरसर सरकते, पण प्रत्येक रोलर बोटीला एका छोट्या जागेवरच टेकतो. बंकवर भार छान पसरतो, पण बोट सरकवायला घासाघीस होते. वर्षभर उभ्या राहणाऱ्या बोटीला बंक बरे, एवढं साधारण म्हणता येईल.

आणि बंक लावताना आपण आतापर्यंत पाहिलेलं सगळं कामी येतं. बोटीचा कणा मधोमध टेकलेला हवा आणि बाजूचे बंक तिला मुख्यतः सरळ धरायला हवेत. बंक बोटीच्या आतल्या उभ्या मजबूत पट्ट्यांच्या खाली यायला हवा, नुसत्या पातळ तळाखाली नाही. कोकणातल्या फासळीचा नियम तोच. बंकचा कोन तळाच्या उताराला जुळायला हवा, नाहीतर तो फक्त कडेवर टेकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंक मागच्या टोकाच्या भिंतीखालपर्यंत पोचायला हवा, कारण इंजिनाचं वजन तिथे असतं. तो हातभर अलीकडे संपला तर मागचं टोक त्या कडेवरून लोंबत राहतं आणि तळाला कायमचा बाक येतो. मग पाण्यात बोट सुसाट जाण्याऐवजी नाक खाली घालते आणि लोक इंजिनाला दोष देत बसतात.

तपासायचं कसं? बोट ट्रेलरवर असताना खाली वाकून बंक आणि तळ यांच्या मधून उजेड दिसतो का बघा. उजेड दिसला, तर तिथला भार दुसरीकडे कुणीतरी उचलतंय. लेझर नको, मोबाइलचा टॉर्च पुरे.

हे फक्त हौशी लोकांसाठी नाही. आपल्याकडे पुराच्या वेळी लागणाऱ्या फायबरच्या बोटी वर्षातले अकरा महिने कुठेतरी कोरड्यावर उभ्या असतात. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत पाणी भरलं तेव्हा एका बोटीची किंमत काय असते ते सगळ्यांनी पाहिलं. अशा बोटीचा तळ त्या अकरा महिन्यांत दोन विटांवर दबून तडकला असेल, तर ते नेमकं ज्या दिवशी कळायला नको त्या दिवशी कळतं. तुमच्या गावात, सोसायटीत, क्लबात अशी एखादी बोट असेल, तर एकदा तिच्याखाली वाकून बघा.

आणि ट्रिंकोमाली?

मुंबईच्या त्या सागवानी जहाजाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. ते आरमारात राहिलं, पुढे ‘फूद्रोयां’ या नावाने मुलांना शिकवायचं जहाज झालं, आणि १९८७ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात आलं. २००१ पर्यंत त्याची दुरुस्ती चालली आणि त्याला जुनं नावही परत मिळालं. व्हिक्टरी त्याच्यापेक्षा ५२ वर्षांनी मोठी, पण ती गोदीत टेकूंवर उभी आहे. त्यामुळे अजून तरंगणारं सगळ्यात जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून मान मिळतो तो मुंबईत बांधलेल्या ट्रिंकोमालीला.

तिच्याखाली १३४ टेकू नाहीत, सेन्सर नाहीत. खाली हार्टलपूलचं पाणी आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या किनाऱ्यावर होडी वर घेताना टेकूंना, ओंडक्यांना, त्या ओढायच्या पद्धतीला काय म्हणतात? रायगडात एक शब्द असेल, मालवणात दुसरा, पालघरला तिसरा. घरातल्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुरेसे शब्द जमले तर त्यावर एक वेगळा भाग करू. तोवर ऐकत राहा, काळजी घ्या!